स्वच्छतेचे कर्मयोगी श्रीसंत गाडगे महाराज

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. पित्याच्या व्यसनापायी घर खचले. पिता अकाली निवर्तल्यावर माता सखुबाई बालकासह दापुरे येथे माहेरच्या आश्रयास आल्या. मामांची गुरे राखीत, नांगर धरीत डेबूजी वाढले. अक्षरओळख त्यांच्या वाट्यास आली नाही. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे आणि हाती खराटा, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला.

त्यांचा क्रम ठरलेला असे. गावात येताच प्रथम रस्ते झाडावयाचे, गटारे उपसावयाची आणि मग रात्री कीर्तनास उभे राहावयाचे. कोणी पाया पडू लागल्यास ते दूर सरत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभविल्या. स्वतः मात्र झोपडीतच राहिले.

अक्षरे शिकविण्यात हयात घालविलेल्या आम्हांस ह्या निरक्षर पुरुषाच्या खराट्यात मोठा पाठ दिसतो. केर कोठेही टाकणे हा केवळ आळस नव्हे. उष्टी पत्रावळ रस्त्यावर फेकणारा मनुष्य असे गृहीत धरतो की, ती उचलण्यासाठी कोणीतरी आपल्याहून हलका जन्मास आला आहे. पत्रावळीबरोबर तो त्या माणसाची किंमतही भिरकावून देतो. महाराजांनी ते काम स्वहस्ते करून टाकणारा थोर व उचलणारा हलका हा भेदच खोटा ठरविला. पंढरपुरी अस्पृश्य गणलेल्या यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधणे आणि गावचा रस्ता झाडणे, ही त्यांची दोन कामे नव्हती. ते एकच कार्य होते.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले, अमरावतीच्या विद्यापीठासही दिले. ज्ञातिबांधवहो, आपणही मेळाव्यात त्यांच्या प्रतिमेस हार घालतो. परंतु पंगत उठल्यावर मंडपात काय पडून राहते आणि ते कोण उचलते, हे ज्याने त्याने पाहावे. यंदापासून लहानथोर प्रत्येकाने आपली पत्रावळ आपणच उचलावी, अशी आमची नम्र विनंती आहे. हार नाकारणाऱ्या त्या महात्म्यास एवढी पूजा खचित मान्य होईल.