भा. रा. भागवत : चंद्रावरची स्वारी मराठीत घडवणारा माणूस

फास्टर फेणे म्हटलं की २०१७ चा अमेय वाघचा सिनेमा आठवतो. त्यात दिलीप प्रभावळकरांनी ज्यांची भूमिका केली, ते भा. रा. भागवत म्हणजे खरेखुरे लेखक आणि माझे सगळ्यात आवडते! फुरसुंगीच्या बनेश फेणेमुळे ते घरोघरी पोहोचले. पण आपल्यासारख्या टेक्नॉलॉजीवाल्यांनी त्यांचं दुसरं कामही बघायला हवं.

भास्कर रामचंद्र भागवतांचा जन्म १९१० चा. मुलांसाठी लिहिणं हेच त्यांनी आयुष्याचं काम मानलं. 'बालमित्र' मासिक चालवलं. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहायच्या. आणि ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या विज्ञानकथा भागवतांनी मराठीत आणल्या : 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू. आजीच्या तोंडी असलेला शब्द त्यांनी थेट अंतराळकथेच्या नावात बसवला.

तासगावात मराठी माध्यमात शिकताना मला वाटायचं, विज्ञानाची खरी भाषा इंग्रजीच. 'चंद्रावर स्वारी' वाचली आणि ते डोक्यातून गेलं. चंद्रावर जायची गोष्ट आपल्या भाषेत वाचताना कुठेच परकी वाटत नव्हती.

आता थोडं गणित. व्हर्नची मूळ गोष्ट १८६५ ची. फ्लोरिडातून ९०० फुटी तोफेने तिघांना चंद्राकडे उडवायचं, असा बेत. १९६९ मध्ये अपोलो ११ पण फ्लोरिडातूनच निघालं, त्यातही तिघेच! मग तोफ का नाही वापरली? पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला साधारण ११ किलोमीटर वेग लागतो. तो २७० मीटरच्या नळीतच गाठायचा तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या २० हजार पटींहून जास्त जोर येईल. एका क्षणात चेंदामेंदा! रॉकेट तोच वेग काही मिनिटांत हळूहळू वाढवतं, म्हणून माणूस वाचतो.

हा हिशोब मी इंजिनिअरिंगला शिकलो, पण 'तोफ का नाही?' हा प्रश्न मात्र भागवतांच्या पुस्तकानेच डोक्यात घातला होता.

२००१ मध्ये भागवत गेले. तुमच्या गावच्या वाचनालयात 'चंद्रावर स्वारी' मिळते का बघा. मिळाली तर वाचताना मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा ठेवा. आणि घरात लहान भाऊ-बहीण असेल तर वाचून झाल्यावर पुस्तक त्यांच्या हातात द्या.