टपोरा दाणा आणि त्याचा वारसा

खळे आटोपले की पुढील हंगामासाठी बियाणे राखून ठेवण्याची आपल्याकडील शेतकऱ्याची रीत फार जुनी आहे. सर्वांत भरदार कणसे निवडून ती आढ्याला टांगावयाची, अथवा टपोरे दाणे वेचून राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून ते कणगीत जपावयाचे. या रीतीच्या मुळाशी एक साधा विश्वास आहे. भरदार दाण्यापोटी भरदार पीक येणार, हा तो विश्वास होय. खाण तशी माती ही म्हण त्याच विश्वासातून आली. जगातील बहुतेक कृषिसमाजांनी हजारो वर्षे हाच न्याय मानला आणि तो अगदीच निराधार होता असेही नाही. तथापि हा न्याय कुठवर खरा ठरतो आणि कुठे फसतो, याचा निवाडा हाती तराजू घेऊन करणारा एक संशोधक विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर डेन्मार्कमध्ये पुढे आला. विल्हेल्म योहान्सेन हे त्याचे नाव. ज्याला आपण जनुक म्हणतो त्या वस्तूला ‘जीन’ हे नाव देणारा शास्त्रज्ञ म्हणून पाठ्यपुस्तकांतून त्यांचा एका ओळीत उल्लेख येतो. परंतु त्या एका शब्दामागे जे आयुष्य उभे आहे, ते आपल्या शेतीच्या आणि विचारांच्याही दृष्टीने जाणून घेण्यासारखे आहे.

योहान्सेन यांचा जन्म 3 फेब्रुवारी 1857 रोजी कोपनहेगन येथे झाला. वडील लष्करी अधिकारी होते. पण मुलाला विद्यापीठात धाडण्याइतकी घरची ऐपत नव्हती. म्हणून 1872 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, या मुलाने एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी पत्करली. औषधे कुटावी, मोजावी, तोलावी, असे ते काम होते. 1879 साली औषधशास्त्राची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. विद्यापीठाचा रीतसर अभ्यासक्रम त्यांच्या वाट्याला आला नाही. रसायन व वनस्पतिशास्त्र ते बव्हंशी स्वतःच्याच बळावर शिकले. मात्र उमेदवारीच्या काळात हाताला लागलेली काटेकोर तोलण्याची सवय त्यांना जन्मभर पुरली.

1881 साली कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली. बिअर गाळणाऱ्या प्रसिद्ध कारखान्याच्या मालकाने स्थापन केलेली ही प्रयोगशाळा त्या काळी युरोपात नावाजलेली होती. तेथील रसायन विभागाचे प्रमुख योहान केल्डाल हे होते. पदार्थातील नत्राचे प्रमाण काढण्याची जी पद्धत आजही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकावी लागते, ती 1883 साली या केल्डाल यांनीच सिद्ध केली. अशा गुरूच्या हाताखाली योहान्सेन धान्याचा दाणा पाहावयास शिकले.

बिअरसाठी लागणाऱ्या सातूचा प्रश्न असा होता. कारखानदारास दाणा वजनदार हवा, पण त्यात नत्र कमी हवे. निसर्गात मात्र या दोन गुणांची जोडी उलट दिसे. सर्वसाधारण पिकात जड दाण्यांत नत्राचे प्रमाणही अधिक आढळे. म्हणजे एक हवा तर दुसरा नको असलेला गुण त्याच्या मागोमाग येणार. या कोड्यावर योहान्सेन यांनी अनेक वर्षे काम केले आणि 1899 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. संबंध राशीत दिसणारे हे साहचर्य म्हणजे अटळ नियम नव्हे, हे त्यांच्या ध्यानी आले. वेगवेगळ्या झाडांची संतती वेगळी ठेवून तपासली, तर दाणा जड असूनही नत्र बेताचे असणारे वंश हाती लागू शकतात. दोन गुण एकत्र दिसतात, एवढ्यावरून ते एकमेकांना जखडलेले आहेत असे मानता येत नाही. पीकसुधारणेच्या शास्त्रातला हा पहिला धडा त्यांना सातूने दिला.

दुसरा आणि मोठा धडा घेवड्याने दिला. ज्या वनस्पतीस आपण राजमा म्हणतो, आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागात वाघ्या घेवडा म्हणून जी पिकते, तीच ही जाती. हे झाड स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे एका दाण्यापासून चाललेली संतती पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ एकाच रक्ताची राहते. अशा संततीला योहान्सेन यांनी शुद्ध वंश असे नाव दिले.

त्यापूर्वी इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी गोड वाटाण्यावर प्रयोग केले होते. जड बियांची संतती सरासरीने जड निघते, पण आईबापांइतकी जड निघत नाही. ती मध्याकडे झुकते, असे त्यांना आढळले होते. योहान्सेन यांना गाल्टनविषयी नितांत आदर होता. 1903 सालचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी गाल्टन यांनाच अर्पण केला. पण गाल्टन यांचा नियम सबंध राशीला लागू पडतो. एकेका शुद्ध वंशात तो टिकतो का, हा प्रश्न योहान्सेन यांनी विचारला.

बाजारातून आणलेल्या घेवड्यातून 19 शुद्ध वंश त्यांनी वाढवले. प्रत्येक दाणा तोलला, प्रत्येकाची वंशावळ ठेवली. सर्वांत जड वंशाच्या दाण्याचे सरासरी वजन 642 मिलिग्रॅम, तर सर्वांत हलक्या वंशाचे 351 मिलिग्रॅम भरले. वंशावंशांतील हा फरक पुढील पिढ्यांतही टिकून राहिला. मग त्यांनी एकेका वंशाच्या आत डोकावून पाहिले. एकाच वंशातही बारीक आणि टपोरे असे दोन्ही दाणे होतेच. तेराव्या क्रमांकाच्या वंशातील 200, 300, 400 आणि 500 मिलिग्रॅम वजनाचे दाणे त्यांनी पेरले. शेतकऱ्याच्या न्यायाने 500 मिलिग्रॅमच्या दाण्याची संतती सर्वांत जड निघावयास हवी होती. प्रत्यक्षात चारही गटांच्या संततीची सरासरी 450 ते 475 मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिली आणि त्यांतली सर्वांत मोठी सरासरी सर्वांत हलक्या दाण्यांच्या संततीची होती! एका वंशात सहा पिढ्या सतत जड दाणे निवडून आणि दुसरीकडे सतत हलके निवडूनही अखेर दोहोंची संतती जवळजवळ सारखीच राहिली.

याचा अर्थ स्पष्ट होता. एका वंशातील दाण्यांचा लहानमोठेपणा शेंगेतील जागा, जमिनीचा कस, पाणी आणि ऊन यांनी घडवलेला होता. तो बीजात उतरलेला नव्हता. बाजारातील मिश्र राशीतून जड दाणे निवडल्यास थोडा लाभ होतो, तो एवढ्याचसाठी, की त्या निवडीत जड वंशांचे दाणे नकळत अधिक येतात. एकदा वंश वेगळा झाला, की त्याच्या आत निवड करीत बसणे हा केवळ वेळेचा अपव्यय होय. परपरागाने फळणाऱ्या बाजरी वा मका यांसारख्या पिकांत गोष्ट निराळी, कारण तेथे वंश शुद्ध राहतच नाही.

या निष्कर्षावर इंग्लंडमधील पिअर्सन आणि वेल्डन या संख्याशास्त्रीय जीवविद्येच्या पुरस्कर्त्यांनी कठोर टीका केली. योहान्सेन बधले नाहीत. 1905 साली ते कोपनहेगन विद्यापीठात वनस्पतिशरीरक्रियेचे प्राध्यापक झाले. 1909 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन ग्रंथात त्यांनी तीन शब्द रूढ केले. डोळ्यांना दिसते, तराजूत तोलता येते ते ‘फेनोटाइप’ अर्थात दृश्यरूप. बीजात जे दडलेले असते ते ‘जीनोटाइप’ अर्थात बीजरूप. आणि बीजरूपाचा एकेक घटक तो ‘जीन’. जीन म्हणजे नेमका कोणता कण, यासंबंधी कोणतेही अनुमान त्यांनी त्या शब्दात येऊ दिले नाही. हिशेबासाठी लागणारे ते एक नाव होते. ज्याला विद्यापीठाची पायरी चढता आली नव्हती, तो उमेदवार 1917 साली त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. 11 नोव्हेंबर 1927 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराचे मोल पिकाच्या उत्पन्नाचा विचार करू लागताच कळते. उत्पन्न हा एकच एक गुण नव्हे. हरभऱ्याचे झाड घ्या. झाडाला घाटे किती, घाट्यात दाणे किती आणि दाण्याचे वजन किती, या तिहींचा गुणाकार म्हणजे झाडाचे उत्पन्न. झाडाजवळचे अन्न मात्र मर्यादित. ठराविक पगारात चालणाऱ्या संसारात एका बाबीवरचा खर्च वाढला की दुसऱ्या बाबीत काटकसर करावी लागते, तसेच येथे होते. घाटे वाढले की दाणे बारीक राहतात. दाणे टपोरे झाले की संख्या घटते. म्हणूनच टपोऱ्या दाण्याचे वाण नेहमीच अधिक उत्पन्न देईल, अशी खात्री बाळगता येत नाही.

शिवाय शेतात उंच झाडाला दाणेही अधिक दिसले, तर उंचीमुळे उत्पन्न वाढले की चांगल्या जागेमुळे दोन्ही वाढले, हा प्रश्न उरतोच. असे गुंते सोडवण्याची साधने योहान्सेन यांच्यानंतर आली. गव्हाच्या दाण्याच्या रंगासारखा गुण अनेक जीन मिळून घडवतात, हे स्वीडनमधील निल्सन-एले यांनी 1909 च्या सुमारास दाखवले. 1918 साली रोनाल्ड फिशर यांनी एकूण फरकातून बीजाचा वाटा वेगळा काढण्याचे गणित मांडले. एका गुणाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम थेट किती आणि आडवाटेने किती, हे मोजण्याची रीत अमेरिकेत सूअल राइट यांनी 1921 साली दिली. आज कोणतेही नवे वाण तयार करताना अनेक ठिकाणी, अनेक वाफ्यांत, तेच बियाणे पुनःपुन्हा पेरून तपासतात, त्यामागे घेवड्याचाच धडा आहे.

हा धडा आपल्या जोंधळ्यापर्यंतही पोहोचला. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे 1930 नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून एकेका कणसाची संतती वेगळी तपासत जे वाण निवडण्यात आले, ते मालदांडी 35-1 या नावाने अनेक दशके कोरडवाहू रब्बी शेतीचा आधार बनून राहिले. मराठी माणसाच्या ताटातील भाकरीचा या विचाराशी असा प्रत्यक्ष संबंध आहे. अर्थात शुद्ध वंशाच्या या मार्गाला दुसरी बाजूही आहे. एकसारखे वाण दूरवर पसरले, की गावोगावच्या मिश्र वाणांतील वैचित्र्य हरवते. ज्या वंशात निवडावयास काही उरत नाही, तो नव्या रोगापुढे एकदमच कोसळू शकतो. पुढे जावयाचे तर जुने वैचित्र्य सांभाळलेच पाहिजे, हाही त्याच प्रयोगाचा निष्कर्ष होय.

योहान्सेन यांच्या आयुष्यातील एक विसंगती मात्र दृष्टिआड करता येत नाही. 1924 साली डेन्मार्कमध्ये निर्बीजीकरणाच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी सरकारने समिती नेमली. माणसाचा वंश निवडून सुधारण्याच्या तेव्हाच्या लोकप्रिय कल्पनांविषयी स्वतः साशंक असलेले योहान्सेन त्या समितीचे सदस्य होते. त्यांच्या मृत्यूनंतर, 1929 साली, डेन्मार्कमध्ये तसा कायदा झाला. दिसते त्यावरून बीज ओळखता येत नाही, हे ज्याने घेवड्याबाबत इतक्या चिकाटीने सिद्ध केले, त्याचे नाव माणसांची पारख करू पाहणाऱ्या समितीशी जोडले जावे, ही इतिहासाची कठोर थट्टा म्हणावी लागेल.

योहान्सेन यांनी 1914 साली फसव्या उपमांवर एक पुस्तिका लिहिली होती. वारसा हा शब्दच त्यांना खटके. घर आणि शेत बापाकडून मुलाकडे जाते, तसे गुण जात नाहीत, असे त्यांचे मत होते. संततीकडे जाते ते बीजरूप; गुण त्यातून पुन्हा नव्याने, मिळेल त्या मातीत, घडावे लागतात. आपल्या भाषेतही आपण दोहोंना वारसाच म्हणतो आणि मग निकालपत्रकातील गुणांवरून मुलाचे बीज जोखू पाहतो. माणसांत शुद्ध वंश नाहीत आणि सर्वांना सारखा वाफाही मिळत नाही. त्यामुळे घेवड्याचा नियम माणसाला जसाच्या तसा लावणे हीसुद्धा एक फसवी उपमाच ठरेल. पण घेवड्याने शिकवलेला सावधपणा मात्र वर्गातील शिक्षकाने आणि घरातील बापानेही घ्यावा. 1872 साली औषधाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला कोणी केवळ त्याच्या दृश्यरूपावरून तोलले असते, तर तो दाणा हलकाच भरला असता.