स्वामी कुवलयानंद आणि त्यांची प्रयोगशाळा

महाराष्ट्राबाहेर जन्मून महाराष्ट्राला भूषण ठरलेल्या मंडळींची नावे काढू लागलो, की एक नाव सहसा विस्मरणात जाते. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ख्यातकीर्त झाले ते हेच. बालपण हलाखीत गेले, तरी १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. एवढ्या भांडवलावर त्या काळी उत्तम सरकारी नोकरी मिळे. गुण्यांनी तिकडे पाहिले नाही. आमच्यासारख्या फायलींत जन्म घालविलेल्यांना याचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

बडोद्यास १९०७ ते १९१० या काळात त्यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावले. त्यानंतर खानदेशात अमळनेरला अध्यापन केले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास महाराजांकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली आणि आयुष्याची दिशा ठरली.

येथवरची हकीकत एखाद्या साधुपुरुषाच्या चरित्रात शोभेल. पण गुणे स्वभावतः चिकित्सक होते. योगसाधनेने आपल्या देहात आणि मनात पालट होतो, हा अनुभव त्यांना आला होता. परंतु तो कसा होतो, हे कळल्यावाचून त्यांचे समाधान होईना. म्हणून १९२०-२१च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहणी आरंभिली. हठयोगी पाण्यात बसून बस्ती घेतात, तेव्हा पाणी आपोआप वर आतड्यात चढते. परंपरेने ते अपानवायूचे सामर्थ्य मानले जाई. गुण्यांनी दाबमापक लावून पाहिले. नौलीत पोटाचे मधले स्नायू पुढे येतात, मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि पाणी आत ओढले जाते. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. यंत्राने सिद्ध केलेली गोष्ट गुरुचरणी वाहण्याची ही रीत आम्हाला फार हृद्य वाटते.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक निघाले. आसने करणाऱ्यांच्या रक्तदाबाच्या आणि श्वसनाच्या नोंदी त्यात येऊ लागल्या. खरी कसोटी प्राणायामाची होती. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. आजही आमच्या बागेतील प्रभातमंडळींत तीच ऐकू येते. स्वामीजींच्या मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही. दुसरा एखादा प्रचारक ते आकडे दडपून मोकळा झाला असता. स्वामीजींनी ते छापले, आणि प्राणायामाचे महत्त्व ज्ञानतंतू व मन यांच्यावरील परिणामात शोधले पाहिजे, असे प्रतिपादन केले.

पतंजलींनी चित्तविक्षेपाचे सोबती सांगताना दुःख आणि खिन्नता यांच्याच पंक्तीला अंगाचा कंप व श्वासाची अनियमितता बसविली आहे. साहेबाचे बोलावणे आले की छातीत धडधडते, श्वास उथळ होतो, हे कोणत्या नोकरदाराला ठाऊक नाही? श्वास आणि स्नायू संथ केले तर मनही निवळू लागते, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. स्वामीजी म्हणूनच आसनांत झटापट आणि घाम यांना थारा देत नसत. प्रयत्न शिथिल करावा, यावर त्यांचा कटाक्ष असे.

१९२७ साली महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९३६ साली मुंबईत चौपाटीनजीक त्यांचे आरोग्यकेंद्र सुरू झाले, आणि १९५१ साली लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय. पण आम्हाला विशेष कौतुक आहे ते १९६३ सालच्या योगोपचारावरील ग्रंथाचे. डॉ. विनेकरांसह लिहिलेले हे पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिल्लीत प्रसिद्ध केले. आधी आणि व्याधी, म्हणजे मनाची पीडा आणि देहाची, यांचा एकत्र विचार करणारे पुस्तक सरकारी मुद्रणातून बाहेर पडावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८ एप्रिल १९६६ रोजी, स्वामीजींनी देह ठेवला. लोणावळ्यातील प्रयोगशाळेचे काम त्यांच्या मागेही शिष्यांनी चालू ठेवले.