मिदहत पाशा : उस्मानी राज्यघटनेचे शिल्पकार

मिदहत पाशा यांचा जन्म ऑक्टोबर १८२२ मध्ये इस्तंबूल येथे एका काझींच्या घरी झाला. मूळ नाव अहमद शफीक. लहानपणीच ते हाफिज झाले व पुढे सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. ‘मिदहत’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले. शिकण्याची हौस मात्र सुटली नाही. पस्तिशी गाठल्यावर ते फ्रेंच शिकले आणि १८५८ मध्ये युरोप पाहून आले.

पुढे ते प्रांताधिकारी झाले. डॅन्यूब नदीच्या मुलखात त्यांनी रस्ते व पूल बांधले, अनाथ मुलांसाठी हुन्नरशाळा काढल्या. शेतकरी सावकाराच्या कचाट्यातून सुटावा म्हणून १८६३ मध्ये पतपेढी सुरू केली. १८६९ मध्ये बगदादला गेल्यावर तेथे छापखाना आणि वर्तमानपत्र आले.

प्रांत सुधारला तरी सुलतानाच्या एका शब्दासरशी सारे पुसले जाऊ शकते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी राज्यघटनेचा आग्रह धरला. घटना देण्याच्या वचनावर १८७६ मध्ये अब्दुल हमीद दुसरे गादीवर आले. मिदहत पाशा वजीरे-आझम झाले आणि २३ डिसेंबर १८७६ रोजी घटना जाहीर झाली. मात्र सुलतानाने तीत ११३ वे कलम घालून घेतले. राज्याला धोकादायक वाटेल त्या माणसाला खटल्याशिवाय हद्दपार करण्याचा अधिकार त्याने सुलतानाला दिला. सहकाऱ्यांनी विरोध केला; पण घटनाच हातची जाईल या भीतीने पाशांनी ते मान्य केले. अवघ्या दीड महिन्यात, ५ फेब्रुवारी १८७७ रोजी, त्याच कलमाखाली त्यांनाच देशाबाहेर धाडण्यात आले.

मार्च १८७७ मध्ये संसद भरली. मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी प्रतिनिधी एकत्र बसले व मंत्र्यांना जाब विचारू लागले. सुलतानाला ते रुचले नाही. १४ फेब्रुवारी १८७८ रोजी संसदेला टाळे लागले, ते तीस वर्षे उघडले नाही. घटना रद्द झाली नव्हती. सरकारी वार्षिकात ती छापली जात होती. राज्य मात्र हेरांचे आणि सेन्सॉरचे होते.

पाशांना परत बोलावून सीरियाचा कारभार दिला गेला. त्याच सुमारास बैरूतमध्ये मकासिद ही शिक्षणसंस्था उभी राहिली व तिने मुलींची शाळा काढली. पाशांनी तिला पाठबळ दिले. १८८१ मध्ये माजी सुलतानाच्या खुनाचा आरोप ठेवून त्यांच्यावर खटला चालविला गेला. फाशीऐवजी त्यांना ताइफच्या किल्ल्यात डांबण्यात आले आणि तेथेच त्यांचा गळा आवळण्यात आला.

अब्दुल हमीद यांनीही पुष्कळ शाळा काढल्या, हे नमूद केले पाहिजे. पण १८८९ मध्ये लष्करी वैद्यकीय विद्यालयातील विद्यार्थ्यांनीच गुप्त मंडळ स्थापन केले. त्या चळवळीने १९०८ मध्ये घटना पुन्हा अमलात आणली. १९५१ मध्ये पाशांच्या अस्थी सन्मानाने इस्तंबूलला आणल्या गेल्या.

पालकहो, कायदा कागदावर असणे पुरेसे नाही. त्यातील प्रत्येक कलम वाचणारा आणि त्याचा अर्थ विचारणारा नागरिक घडवावा लागतो. हे काम शाळेतच सुरू होते.