लाकडाला वळण लावणारा माणूस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून समितीची मंडळी दारात उभी राहिली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे अनारशांची कृती देऊ केली. पाककृती खूप झाल्या, या वेळी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र द्या, असं सांगण्यात आलं. टिळक, सावित्रीबाई आणि विवेकानंद आधीच वाटले गेले होते. तेव्हा म्हटलं, चला, आपल्या बिल्डिंगमध्ये ज्याचं नाव फारसं कुणी घेत नसेल अशा एका माणसाबद्दल लिहू. त्याचं नाव आल्वार आल्टो, फिनलंडचा आर्किटेक्ट.

त्याची आणि माझी ओळख आमच्या हॉलमुळे झाली. दोन वर्षांपूर्वी आम्ही हॉलचं काम काढलं. इंटिरियरवाल्या मुलाने मोबाइलवर फोटो दाखवले. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, बारीक पायांच्या खुर्च्या, एक कुंडी, बाकी खोली मोकळी. याला स्कँडिनेव्हियन लुक म्हणतात, असं त्याने सांगितलं. मुलगा आणि सून दोघंही खूश. हे लाकूड कुठलं, असं मी विचारलं, तर लाकूड नव्हतंच. प्लायवूडवर लाकडासारखा दिसणारा सनमायका चिकटवायचा होता. मला जरा गंमत वाटली. मग तिकडच्या लोकांनी हे मुळात कशासाठी केलं, ते शोधायला बसले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वेळ आहेच.

भूगोलाच्या पुस्तकात स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. फिनलंड त्यात धरत नाहीत. पण फर्निचरच्या दुनियेत हे चौघं शेजारी एकाच नावाखाली येतात, आणि त्यातल्या लाकडाच्या गोष्टीत आल्टोचं नाव अगदी वरचं आहे.

आल्टोचा जन्म 3 फेब्रुवारी 1898 ला कुओर्ताने या गावी झाला. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. वडील जमिनीची मोजणी करणारे सर्व्हेअर, म्हणजे आपल्याकडचे मोजणीखात्यातले साहेब म्हणा ना. घरात त्यांचं नकाशे काढायचं भलंमोठं पांढरं टेबल होतं. लहानगा आल्वार आधी त्या टेबलाखाली खेळायचा, आणि जरा मोठा झाल्यावर त्याला टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बसायची परवानगी मिळाली. ती आठवण त्याने म्हातारपणापर्यंत जपली. तो आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढे मावशीच सावत्र आई होऊन घरात आली आणि तिने मुलांना सांभाळलं. युवास्कुला या तळ्याकाठच्या गावात त्याची शाळा झाली. चहूकडे जंगल होतं. आपल्याकडे कोकणातल्या पोराला नारळाचं झाड जसं वेगळं दाखवावं लागत नाही, तसं त्याला बर्च आणि पाइन कुणी दाखवावे लागले नाहीत.

हेलसिंकीला तो आर्किटेक्चर शिकायला गेला. मध्येच 1917 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1918 मध्ये यादवी युद्ध पेटलं. त्यातून 1921 मध्ये पदवी घेऊन तो बाहेर पडला. 1923 मध्ये युवास्कुलाला स्वतःचं ऑफिस थाटलं. पुढच्या वर्षी तिथे आयनो मार्सिओ नावाची आर्किटेक्ट कामाला आली. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी होती आणि पदवीही त्याच्या एक वर्ष आधी मिळवलेली. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. इथून पुढे जे जे मी आल्टोचं म्हणून सांगेन, त्यातलं निम्मं आयनोचं आहे असं धरून चाला. बाहेर नाव एकाचं झालं, पण टेबल दोघांचं होतं.

1927 मध्ये ते तुर्कू या शहरात राहायला गेले. तिथे त्यांना ओट्टो कोर्होनेन भेटला. त्याचा फर्निचरचा कारखाना होता. त्या काळी युरोपात स्टीलच्या नळ्या वाकवून खुर्च्या करायची नवी फॅशन आली होती. आल्टोलाही ती आधी आवडली. पण स्टील हाताला गार लागतं, डोळ्यांवर चमकतं आणि आपटलं की आवाज करतं. फिनलंडच्या हिवाळ्यात तर त्या नळीला हात लावायला नको. मग हेच वळण लाकडाला देता येईल का, या प्रश्नामागे तो आणि कोर्होनेन लागले. फिनलंडमध्ये बर्च मुबलक आहे. त्याच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, साच्यात दाबायच्या, वाकवायच्या. बऱ्याच मोडल्या असणार. कारखान्यात असंच शिकतात.

याच सुमाराला त्याला एक मोठं काम मिळालं. पाइमिओ या गावाजवळ क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम बांधायचं होतं. 1929 मध्ये स्पर्धा झाली आणि 1933 मध्ये इमारत उभी राहिली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपचार. आपल्याकडे मिरजेला, पाचगणीला अशी सॅनेटोरियम होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. रोगी महिनोन्‌महिने पडून असायचे.

आल्टोने तिथे एक साधी गोष्ट पाहिली. खोली नेहमी उभ्या माणसासाठी बांधली जाते, पण या खोलीतला माणूस आडवा आहे. त्याला भिंत कमी आणि छत जास्त दिसतं. म्हणून छताला डोळ्यांना शांत वाटेल असा हिरवा रंग दिला. दिवा रोग्याच्या डोळ्यांत जाणार नाही अशा जागी बसवला. उष्णता डोक्याकडे न जाता पायांकडे जाईल अशी सोय केली. एका खोलीत दोघे असायचे, म्हणून एकजण हात धुताना दुसऱ्याची झोप मोडू नये असं बेसिन केलं, ज्यात पाण्याचा आवाज होत नाही. आणि बसायला खुर्ची केली ती बर्चची. हाताच्या दोन बाजू म्हणजे लाकडाच्या दोन बंद चौकटी, आणि मधे पातळ वाकवलेल्या प्लायवूडची एकच लाट, बसकही तीच आणि पाठही तीच. पाठीचा कल असा की श्वास घ्यायला सोपं जावं. गादी नाही, स्प्रिंग नाही, तरी बसल्यावर किंचित दबते. आज ही खुर्ची जगातल्या म्युझियममध्ये ठेवलेली असते. मुळात ती खोकणाऱ्या माणसासाठी केली होती.

हे वाचताना मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. आमचे सासरे, ज्यांना आपण सगळे अण्णा म्हणत होतो, शेवटचे नऊ महिने आमच्या याच हॉलमध्ये पलंगावर होते. त्यांच्या डोक्यावर बरोबर आमच्या पीओपीतला झगझगीत दिवा होता. ते सारखे डोळ्यांवर पंचा टाकून झोपायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची सवय. दिवा डोळ्यांत जातोय, हे नऊ महिन्यांत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही त्यांचं सगळं केलं हो, पण एकदाही त्यांच्या शेजारी आडवं होऊन वर पाहिलं नाही.

असो. गोष्ट पुढे सांगते.

1933 मध्ये आल्टोने एका लाकडी पायाचं पेटंट घेतलं. बर्चच्या भरीव पायाच्या वरच्या टोकाला करवतीने उभ्या फटी पाडायच्या, त्यांत गोंद लावून पातळ पट्ट्या सरकवायच्या आणि तेवढाच भाग काटकोनात वाकवायचा. वाळला की तो तसाच राहतो. मग हा पाय थेट बसकेखाली स्क्रूने लावायचा. सांध्यांची भानगडच नाही. असे तीन पाय आणि वर गोल फळी, की झालं स्टूल. एकावर एक रचली तर पाय गोल जिन्यासारखे फिरत वर जातात. आपल्याकडे दुकानांत तसल्या आकाराची स्टुलं दिसतात, ती सगळी या एका स्टुलाची नातवंडं. मूळ स्टूल आजही तयार होतं.

त्याच वर्षी लंडनमध्ये या फर्निचरचं प्रदर्शन झालं आणि बाहेरून मागणी येऊ लागली. 1935 मध्ये आल्टो, आयनो, मायरे गुलिकसेन ही श्रीमंत घरातली कलाप्रेमी बाई आणि निल्स-गुस्ताव हाल यांनी मिळून आर्टेक ही कंपनी काढली. कला आणि तंत्र या दोन शब्दांची ती संधी. पुढे हाल युद्धात गेला आणि 1941 पासून कंपनीचा कारभार आयनोने चालवला.

याच मायरेबाईंसाठी 1939 मध्ये त्यांनी व्हिला मायरेया हे घर पुरं केलं. ज्याला आपण स्कँडिनेव्हियन हॉल म्हणतो, त्याचं खरं रूप इथे पाहावं. छताला लाकडी पट्ट्या. जिन्याच्या बाजूने उभे गोल दांडे, कमीजास्त अंतरावर, जणू जंगलातली खोडं. घर पेलणारे खांब स्टीलचेच, पण त्यातल्या काहींना हात लागेल त्या उंचीवर चक्क वेत गुंडाळलेला! वेत म्हणजे आपल्या खुर्च्या विणतात तोच. माणसाचा हात जिथे टेकेल तिथे गार धातू लागू नये, एवढाच विचार.

ते घर झालं आणि युद्ध आलं. रशियाशी दोनदा लढाई होऊन फिनलंडने पूर्वेचा मुलूख गमावला. 4 लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून आली. वीपुरी शहरात आल्टोने बांधलेली लायब्ररी, जिथे त्याची ती स्टुलं रांगेने मांडलेली होती, तीही सीमेपलीकडे गेली. या काळात त्याने कारखान्यात तयार होणाऱ्या लाकडी घरांचे आराखडे केले. श्रीमंताच्या बंगल्यानंतर बेघरांची घरं, आणि दोन्हीकडे लाकूड तेच.

जानेवारी 1949 मध्ये आयनो कॅन्सरने गेली. जवळजवळ पंचवीस वर्षांचा संसार होता, आपल्या सोसायटीएवढा. तो फार कोसळला असं वाचलं. 1952 मध्ये त्याने ऑफिसमधल्याच एलिसा या तरुण आर्किटेक्टशी लग्न केलं. आयनोच्या मागेही मोठी कामं झाली. सायनात्सालोचं नगरभवन, हेलसिंकीचा फिनलंडिया हॉल. शेवटच्या काळात तरुण पिढीने त्याच्यावर टीकाही बरीच केली. 11 मे 1976 ला तो हेलसिंकीत वारला. अपुरी राहिलेली कामं एलिसाने पुढे नेली.

आता आमच्या हॉलचं काय झालं ते सांगते. फिनलंडमध्ये लाकूड फिकट, कारण तिथे बर्च पिकतो आणि हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो. असेल तेवढा उजेड घरात खेळता राहायला हवा. आपल्याकडे सागवान, आणि ऊन एवढं की मे महिन्यात पडदे ओढून बसतो. मग रंगाची नक्कल कशाला? नक्कल करायचीच तर त्याच्या प्रश्नाची करू, असं मी सुनेला म्हटलं. इथे कोण बसणार आहे, आणि आपल्या हाताशी कुठलं लाकूड आहे?

हाताशी होती अण्णांची सागवानी आरामखुर्ची. पॅसेज मोकळे ठेवा अशी सोसायटीची नोटीस आली, तेव्हा ती भंगारवाल्याला चारशे रुपयांत देणार होतो. त्याने उद्या येतो म्हणून सांगितलं आणि तो आला नाही, म्हणून वाचली. सुतारकाकांनी ती खिळखिळी खुर्ची घट्ट केली, काळं पॉलिश खरवडलं आणि आतून मधासारखं लाकूड निघालं. वेत नव्याने विणून घेतला. सनमायका निम्म्यावर आला. पीओपीतला तो दिवा काढला आणि कोपऱ्यात शेडचा दिवा लावला. त्याआधी मी जमिनीवर सतरंजी टाकून आडवी झाले आणि वर पाहून घेतलं. सुनेने फोटो काढला, तो दाखवणार नाही!

जाता जाता एक विनंती. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बागेतल्या बाकांवर मुलं उड्या मारायची. आता तिथे संध्याकाळी आपणच बसतो. त्या बाकांना पाठ नाही आणि हातही नाहीत. परवा बी विंगच्या आजींना उठताना दोघांनी धरावं लागलं. येत्या सर्वसाधारण सभेत पाठीचे आणि हाताचे लाकडी बाक करून घ्यावेत असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन द्यायचं असेल त्यांनी आधी आमच्याकडे येऊन अण्णांच्या खुर्चीत पाच मिनिटं बसून पाहावं. चहा मिळेल. अनारसे दिवाळीत.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.