मातृभक्त जादूगार हॅरी हुडिनी

आईची किंमत आई गेल्यावर कळते, असे आपण म्हणतो. तिचा एक शब्द पुन्हा कानी पडावा म्हणून जीव कसा तळमळतो, हे ज्याची आई गेली त्यालाच ठाऊक! त्या तळमळीत तेरा वर्षे काढलेल्या एका माणसाची ही हकीकत आहे. तो कोणी साधुपुरुष नव्हता, जादूगार होता. तरीपण त्याच्या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

हॅरी हुडिनी याचे मूळ नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी झाला. वडील ज्यू धर्माचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू. पोटासाठी हे कुटुंब अमेरिकेला गेले, पण तेथेही दारिद्र्य काही पाठ सोडीना. १८९२ साली वडील वारले. आईला काही कमी पडू देणार नाही, हे वडिलांना दिलेले वचन मुलाने अखेरपर्यंत पाळले. पुढे बेड्या, कुलपे, तुरुंगाच्या कोठड्या यांतून सुटून दाखवण्यात त्याने जगभर नाव काढले. मिळालेली सोन्याची नाणी त्याने आईच्या ओटीत ओतली, अशी गोष्ट सांगतात.

परंतु नाव होण्याआधी त्याच्या हातून एक चूक घडली होती. १८९७-९८ च्या हिवाळ्यात औषधे विकणाऱ्या एका फिरत्या मंडळीबरोबर तो कॅन्सस भागात हिंडत होता. तेव्हा त्याने मेलेल्यांशी बोलण्याचे खेळ केले. गावात शिरले की आधी दफनभूमीत जायचे, थडग्यांवरची नावे वाचायची, गावगप्पा कान देऊन ऐकायच्या आणि रात्री तेच परलोकीचे निरोप म्हणून लोकांना सांगायचे! भोळीभाबडी माणसे रडत आणि विश्वास ठेवीत.

जुलै १९१३ मध्ये तो डेन्मार्कमध्ये असताना आई गेल्याची तार आली. वाचताच तो भोवळ येऊन पडला. आईचा शेवटचा शब्द काही त्याला ऐकायला मिळाला नाही. मग तोच मृतात्म्यांची माध्यमे म्हणवणाऱ्यांच्या दारी जाऊ लागला. आशा होती हो, मनापासून आशा होती! पण समोर दिसे ती आपलीच जुनी युक्ती. आपण ज्यांना फसवले त्यांचे काळीज असेच जळत असेल, हे त्याला आता उमगले आणि त्याला फार पश्चात्ताप झाला.

पहिल्या महायुद्धाने आणि १९१८ च्या साथीने घरोघरी माणसे गेली होती. त्यामुळे या माध्यमांचा धंदा तेजीत होता. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे कॉनन डॉइल यांचाही तरुण मुलगा गेलेला. त्यांची या गोष्टींवर गाढ श्रद्धा आणि हुडिनीशी मैत्री. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटी येथे डॉइलसाहेबांच्या पत्नीने हुडिनीच्या आईचा संदेश म्हणून पानेच्या पाने भराभर लिहून काढली. वर ख्रिस्ती क्रूस काढलेला, आणि भाषा इंग्रजी! रब्बीची बायको क्रूस कशाला काढील? शिवाय तिला इंग्रजी धड येतही नव्हते. डॉइल दांपत्याचा हेतू वाईट नव्हता, पण आईच्या नावावर खोटे स्वीकारायला हुडिनीचे मन तयार होईना. पुढे ती मैत्री तुटली.

‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने खऱ्या माध्यमाला २,५०० डॉलरचे बक्षीस लावले होते. परीक्षकांत हुडिनी होता. १९२४ साली बोस्टन येथे मार्जरी नावाने गाजलेल्या बाईच्या बैठकीत, अंधारात, पेटीतली घंटा आपोआप वाजे. हुडिनीने काय केले? दिवसभर गुडघ्याखाली घट्ट रबरी पट्टी बांधून पायाची कातडी हुळहुळी करून ठेवली. बैठकीत बाईचा पाय त्याच्या पायाला घासत हळूच पेटीकडे सरकू लागला, तो त्याला लगेच कळला! बक्षीस तिला मिळाले नाही.

१९२६ मध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यास वॉशिंग्टन शहरात बंदी व्हावी, म्हणून त्याने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे साक्ष दिली. आपले भांडण कोणाच्या धर्माशी नाही, दुःखाचा बाजार मांडणाऱ्यांशी आहे, हे त्याने तेथे स्पष्ट केले. तो कायदा मात्र झाला नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, पोटातील आंत्रपुच्छ फुटून, वयाच्या ५२ व्या वर्षी डेट्रॉइट येथे तो वारला. आईची पत्रे उशाखाली ठेवून त्याला तिच्याजवळच पुरले.

परलोकातून बोलता आले तर अमुक खुणेचे शब्द पाठवीन, असे त्याने पत्नी बेस हिच्याशी ठरवले होते. १९२९ साली एका माध्यमाने ते शब्द सांगितले. तिने आधी ते मानले, पण पुढे नाकारले. दहा वर्षे तिने त्याच्या तसबिरीपाशी दिवा तेवत ठेवला. १९३६ च्या ३१ ऑक्टोबरला हॉलिवूडमधील एका हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली. काहीच आले नाही. मग तिने तो दिवा मालवला.

वाचकहो, बेसचे प्रेम काही त्या दिव्याबरोबर विझले नाही. हुडिनीची मातृभक्तीही खोट्या पत्राला नकार दिल्याने उणी झाली नाही. उलट आईवर खरी माया होती, म्हणूनच तिच्या नावाचे खोटे त्याला खपले नाही. घरात कोणी गेले, की कोणी ना कोणी निरोप घेऊन दारी येतोच. त्याचे ऐकून डोळे भरून आले तरी एवढे जरूर विचारावे, की बाबा रे, हे तू आधी कोणाकडून ऐकलेस?