सीमाभागाचा जानेवारी आणि बॅरिस्टर नाथ पै

बेळगाव आणि निपाणीच्या सीमाभागात जानेवारी महिना दोन स्मरणदिन घेऊन येतो. १७ जानेवारीला तेथील मराठी माणूस हुतात्म्यांना अभिवादन करतो आणि नऊ दिवसांनी, प्रजासत्ताकदिनी, तिरंग्याला वंदन करतो. पहिल्या दिवशी तो आपल्याच शासनाला जाब विचारतो. दुसऱ्या दिवशी त्याच प्रजासत्ताकाचा नागरिक म्हणून उभा राहतो. या दोहोंत विसंगती नाही, हे ज्यांनी आपल्या आयुष्यातून दाखवले ते बॅरिस्टर नाथ पै.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेल्या पंढरीनाथ बापू पै यांची जडणघडण बेळगावात झाली. १९४२ च्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले, युरोपातील समाजवादी चळवळीत रमले आणि १९५४ मध्ये समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. अनेक देशांतील तरुणांच्या सहवासात त्यांचे देशप्रेम पातळ झाले नाही. मात्र स्वदेशाला वेगळा न्याय आणि परदेशाला वेगळा, ही सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली नाही.

त्या काळात भारताचे परराष्ट्र धोरण जगात प्रतिष्ठा मिळवीत होते. पण शांततेचा हा लौकिक राखण्याची किंमत कधी कधी जवळच्याच माणसांना मोजावी लागे. गोमंतकाने ती मोजली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देश स्वातंत्र्यदिन साजरा करीत असताना, गोव्याची सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण धारातीर्थी पडले. त्यानंतर दिल्लीने पोर्तुगालविरुद्धचे निर्बंध कडक केले. पण सामुदायिक सत्याग्रहालाही मनाई केली. मुक्तीची पहाट उगवायला आणखी सहा वर्षे लागली. गोवा मुक्तीचा पुरस्कार करणाऱ्या नाथ पैंच्या प्रजासमाजवादी पक्षाला ही दिरंगाई सतत सलत राहिली.

१९५७ मध्ये गोव्याला लागूनच असलेल्या राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले आणि १९६२ व १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले. पंडित नेहरूंविषयी त्यांना आदर होता, पण आदर म्हणजे मौन नव्हे. पंचशीलाच्या १९५४ च्या कराराने भारताने तिबेटवरील चीनचा अधिकार मान्य केला होता. १९५९ मध्ये तिबेटी उठाव चिरडला गेला, दलाई लामा भारताच्या आश्रयाला आले, आणि चीनवर टाकलेल्या विश्वासाचा हिशेब नाथ पै सभागृहात मागू लागले. तीन वर्षांनी चिनी आक्रमण झाले. संकटकाळी देशामागे उभे राहणे आणि ते संकट का ओढवले हे विचारणे, ही दोन्ही कर्तव्ये ते एकत्रच मानीत.

हाच न्याय त्यांनी आपल्या घराच्या प्रश्नालाही लावला. जानेवारी १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेविरुद्ध उसळलेल्या आंदोलनात बेळगाव आणि निपाणी येथे पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक बळी पडले. परक्या सत्तेने सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्याला पाच महिनेच झाले होते. आता स्वकीय सत्तेची बंदूक रोखली गेली होती. पहिल्या गोळीबाराचा निषेध राष्ट्रभक्ती ठरतो आणि दुसऱ्याचा निषेध संकुचितपणा, ही वाटणी नाथ पैंना मान्य नव्हती.

याच प्रश्नात गोमंतकीय वाचकाने थांबून पाहावे असे एक वळण आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला जनमत कौलाची संधी मिळाली. कौल कोणाला रुचला, कोणाला नाही. पण तो लोकांनी दिला होता. सीमाभागाच्या वाट्याला मात्र महाजन आयोग आला. त्याने त्याच वर्षी निपाणी आणि खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव मात्र तेथेच ठेवावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली आणि ती गावेही आहे तिथेच राहिली. दूरदेशीच्या जनतेच्या इच्छेविषयी जागतिक व्यासपीठांवर बोलणाऱ्या देशाने बेळगावकरांना मतपेटीपाशी कधी बोलावले नाही.

१९६७ मध्येच संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारासाठी नाथ पैंनी मांडलेले खासगी विधेयक देशभर गाजले. ते मंजूर झाले नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली. तोवर त्यांचे हृदय थकले होते. तरीही १७ जानेवारी १९७१ रोजी हुतात्मा दिनाच्या सभेसाठी ते बेळगावात आले आणि बोलले. दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, तेथेच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

प्रजासत्ताकदिन आठ दिवसांवर होता. त्या दिवशी बेळगावात तिरंगा नेहमीप्रमाणे फडकला. आदल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न तसाच उभा होता, आणि आजही तो उभा आहे.